पंचनाम्याआधी माणसांची विचारपूस

प्रति,
विदर्भातल्या गावोगावचे सरपंच, उपसरपंच, ग्रामपंचायत सदस्य
आणि ग्रामसभेत सतरंजीवर बसणारे आपण सगळे

रामराम, जय भीम, जय सेवा, सलाम.

मी वर्धा जिल्ह्यात आर्वीकडच्या एका गावात राहते. घरचं वावर आहे, कापूस-तूर घेतो, थोडी संत्र्याची झाडं आहेत. गावातल्या महिला बचत गटांच्या ग्रामसंघाचं काम पाहते. मागणं आधीच सांगते. येत्या ग्रामसभेत एक ठराव घ्या. वादळ, गारपीट, पूर, काहीही झालं तरी गावातल्या कोणत्या घराची विचारपूस कोणी करायची, ते नावानिशी ठरवून ठेवा. किती टिनं उडाली, किती खांब पडले याची मोजणी होणारच आहे. त्याआधी माणसं मोजून व्हावीत.

मागच्या मे महिन्यात आमच्या गावावरून वादळ गेलं. दुपारभर वाऱ्याचं नाव नव्हतं, नुसतं उकडत होतं. चारच्या सुमारास पश्चिमेकडून आभाळ काळंनिळं होऊन आलं. आधी धूळ उठली, मग वारा सुटला, आणि धुळीनं डोळे उघडतात न उघडतात तोच बोराएवढी गार पडायला लागली. अर्धा-पाऊण तासात सगळं आटोपलं. तेवढ्यात कितीतरी घरांची टिनं गेली, गोठे बसले, कुटार उडालं, डीपीवर बाभूळ पडली आणि देवळामागची जुनी चिंच मुळासकट रस्त्यावर आडवी झाली. त्या चिंचेवर बगळ्यांची वस्ती होती. सकाळी लेकरांनी मेलेले बगळे टोपल्यात गोळा केले आणि नाल्याच्या कडेला पुरले.

आमच्या भागात भाव वाढेल या आशेनं कापूस घरात ठेवतात, हे तुम्हाला सांगायला नको. समोरच्या खोलीत गंजी, आणि तिच्या कडेला अंगाला खाज सुटत असतानाही झोपलेली माणसं, हे चित्र मे महिन्यातही कितीतरी घरांत असतं. वर टिन राहिलं नाही की पहिल्यांदा तो कापूस भिजतो. म्हणून वारा थांबल्याबरोबर प्रत्येक घरातला माणूस ताडपत्रीमागे धावला. यात कोणाला दोष देण्यासारखं काही नाही, वर्षभराची कमाई आहे ती. पण त्यामुळे वादळानंतरचा पहिला तास जो तो आपल्या छपराखाली गुंतलेला असतो. जिच्या घरात ताडपत्री ओढायला दुसरं माणूसच नाही, तिच्याकडे त्या तासात कोणाचंही लक्ष जात नाही. जखमी माणसासाठी तर तोच तास मोलाचा असतो.

आमच्याकडे बाया निघाल्या. कोणी सांगितलं नव्हतं. गटाची सवय कामी आली. बचत गटात दहा-बारा जणी असतात, आठवड्याला बसतात, पैसे मोजतात आणि बोलतात. कोणाच्या सासऱ्याला बीपीची गोळी चालू आहे, कोणाची सून बाळंतपणाला आली आहे, कोण रात्री एकटी झोपते, हे आमच्या प्रत्येक सचिवेला तोंडपाठ असतं. अंधार पडायच्या आत दोघी-दोघी मिळून आपापल्या गटाच्या घरांवरून फिरायला लागल्या. गटात नसलेली घरं कोणाकडे, हा प्रश्न दुसऱ्याच गल्लीत आला. तो तिथंच उभ्या-उभ्या, घरं वाटून घेऊन सोडवला.

गावाच्या खालच्या अंगाला एक आजी एकटी राहते. दोन्ही मुलं पुण्याकडे कंपनीत कामाला आहेत. बाहेरून हाक मारली तर आतून खणखणीत आवाज आला, “हाओ वो माय, आहो मी. काई नाई झालं मले. जाय तू पुढं.” आमच्यातली एक पुढच्या घराकडे वळलीसुद्धा होती. दुसरी म्हणाली, पाहूनच जाऊ. दाराची चौकट तिरकी होऊन कडी अडकली होती. शेजारच्याची सब्बल आणून दार काढलं. आजी भिंतीला टेकून बसलेली होती, एका पायावर छपराचा वासा पडलेला, आणि लुगड्याचा पदर फाडून तिनं स्वतःच पोटरीला करकचून बांधलेला. पदर लाल झाला होता. असं का केलं आजी, सांगायचं नाही का, म्हटलं तर ती म्हणाली, “साऱ्यायचंच गेलं आज. तुमाले कायले तरास देऊ?”

चिंच रस्त्यावर पडल्यामुळे १०८ ची गाडी गावात शिरू शकत नव्हती. पोरांनी आजीला बाजेवर घातलं आणि फांद्यांमधून वाट काढत पलीकडे नेलं. आज ती बरी आहे, काठी घेऊन चालते. पण आवाजावर भरवसा ठेवून आम्ही निघून आलो असतो तर ती रात्र तिनं कशी काढली असती, हा विचार आजही मला झोपू देत नाही. म्हणून ठरावात एक वाक्य मी आग्रहानं मागते आहे: विचारपूस म्हणजे माणूस डोळ्यांनी पाहणं. म्हातारी माणसं ‘बरी आहो’ म्हणणारच. दार उघडून, टॉर्च मारून, हातपाय पाहून, पाणी आहे का ते पाहूनच पुढं जायचं.

त्या रात्रीची आणखी एक गोष्ट सांगते, कारण तीही या मागणीतच येते. गावात दोन चुलतभाऊ आहेत. वावराच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, त्यांची केस चालू आहे, बोलणं बंद आहे, लग्नाकार्यात एकमेकांच्या पंगतीला बसत नाहीत. थोरल्याचं घर शाबूत राहिलं, धाकट्याचं अर्धं गेलं. रात्री थोरला टॉर्च घेऊन आला, दाराच्या बाहेर उभा राहून खाकरला आणि “लेकरं बरी आहेत ना?” एवढंच विचारलं. आतून ‘हाओ’ आलं. तो वळला आणि निघून गेला. अर्ध्या तासानं त्याचा मुलगा दोन ताडपत्र्या आणून ओसरीवर ठेवून गेला. केस अजून चालू आहे. मला यातून एवढंच दिसतं, की जायचं मन पुष्कळांना असतं, फक्त कशाच्या निमित्तानं जावं हे कळत नाही. ग्रामसभेनं नाव लिहून दिलं की निमित्त मिळतं. ‘माझ्याकडे हे घर आहे’ असं म्हणून शत्रूच्याही दारात उभं राहता येतं.

दुसऱ्या दिवसापासून वेगळीच परीक्षा सुरू झाली. वीज यायला बरेच दिवस लागले. वीज नाही म्हणजे नळयोजनेचा पंप बंद, आरओचं पाणी बंद, चक्की बंद आणि बॅटरी उतरली की मोबाईलचा टॉवरही बंद. वादळानं हवा एक रात्र थंड होते, मग पुन्हा मे महिन्याचं ऊन आपल्या जागेवर येतं. टिन नसलेल्या घरात, पंख्याशिवाय, हापशीवर तासभर रांग लावून आणलेल्या पाण्यावर म्हातारी माणसं आणि लहान लेकरं दुपार काढतात. वादळात वाचलेला माणूस उन्हानं जाऊ शकतो. म्हणून दुपारी दुसरी फेरी लागते. या फेरीत आम्हाला एक घर असं सापडलं, जिथं इन्सुलिन फ्रिजमध्ये होतं आणि फ्रिज बंद पडला होता. गावाच्या आरोग्याचं काम पाहणाऱ्या आशाताईनं बाटली प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून लहान मडक्यात ठेवायला लावली आणि ते मडकं पाणी भरलेल्या मोठ्या मडक्यात. वरून ओलं फडकं. त्या घरातल्या दादांनी स्वतःहून कोणालाच सांगितलं नव्हतं. औषध बिघडलं तर बिघडलं, आता या गोंधळात कोणाला विचारायचं, असं त्यांना वाटत होतं.

आता जरा आपल्या वादळांबद्दल. समुद्रावरच्या चक्रीवादळाचा मार्ग काही दिवस आधी कळतो. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, तेव्हा ते येणार हे सगळ्या महाराष्ट्राला आधीच ठाऊक होतं. मदतीची पथकं किनाऱ्यावर पोचलेली होती. आपल्याकडची एप्रिल-मे मधली वादळं अशी लांबून चालत येत नाहीत. दिवसभर तापलेल्या जमिनीवरची गरम हवा वर जाते, दोन्ही समुद्रांवरून आलेली ओल तिला मिळते, दुपारनंतर उंचच उंच ढग तयार होतो, आणि त्यातून गार हवा एकदम खाली कोसळून जमिनीवर चारी बाजूंना पसरते. तीच आपली टिनं घेऊन जाते. एका गावात सगळं उद्ध्वस्त आणि चार किलोमीटरवरच्या गावात नुसती धूळ, असं म्हणूनच होतं. नागपूरचं प्रादेशिक हवामान केंद्र पिवळा-नारंगी इशारा देतं, पुढच्या तीन तासांचा अंदाजही देतं. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनं केलेलं ‘दामिनी’ ॲप आजूबाजूच्या २० ते ४० किलोमीटरमधल्या विजेचा इशारा देतं. ते प्रत्येक सालदाराच्या फोनमध्ये असायला हवं. पण हातात मिळतो तो वेळ तासा-दोन तासांचा असतो, आणि एवढ्या वेळात बाहेरून कोणतंही पथक कोणत्याही गावात पोचू शकत नाही. पहिल्या रात्री गावाजवळ गावच असतं.

किनाऱ्यावरच्या लोकांनी हे फार मोठी किंमत देऊन शिकून घेतलं आहे. ऑक्टोबर १९९९ च्या महाचक्रीवादळात ओडिशात सुमारे १० हजार माणसं गेली. त्यानंतर त्या राज्यानं किनाऱ्यालगत निवारे बांधले, इशारा शेवटच्या घरापर्यंत पोचवायची सोय केली. त्याहून महत्त्वाचं म्हणजे गावातल्याच पोरापोरींना शिकवून त्यांच्या तुकड्या केल्या. २०१९ मध्ये फणी वादळ आलं तेव्हा १२ लाखांच्या आसपास माणसं आधीच सुरक्षित जागी नेली गेली, आणि मृत्यूंचा आकडा शंभराच्या आत राहिला. एवढी माणसं नुसत्या सायरननं घराबाहेर पडत नाहीत. म्हातारं माणूस घर, बकऱ्या, देव सोडून निघत नाही. ओळखीचं कोणी दारात येऊन हात धरतं तेव्हाच ते निघतं. निवारे बांधायला पैसा लागतो. दार वाटून घ्यायला आपल्याला वही आणि एक संध्याकाळ पुरते.

अकोला जिल्ह्यातल्या पारसची गोष्ट आपण कोणी विसरू नये. ९ एप्रिल २०२३ ला वादळी पाऊस आला म्हणून मंदिराजवळच्या टिनाच्या शेडखाली लोक थांबले होते. जुनं कडुनिंबाचं झाड त्या शेडवर पडलं आणि सात माणसं गेली. ती माणसं आसरा शोधायलाच तिथं गेली होती. आपल्या प्रत्येक गावात असं एक देऊळ, असं एक झाड आणि असं एक शेड आहे. वाऱ्यात कुठं थांबायचं नाही, हेही ग्रामसभेत मोठ्यानं बोललं गेलं पाहिजे.

गावातली धड जागा कोणती, असं विचारलं तर बहुतेक गावांत उत्तर एकच येईल, जिल्हा परिषदेची शाळा. स्लॅबची इमारत, मोठ्या खोल्या, संडास. आणि मे महिन्यात तिला कुलूप. आमच्याकडेही तसंच होतं. चावी तालुक्याच्या गावी होती, रस्त्यात चिंच पडलेली, फोन लागत नव्हता. लहान लेकरं असलेली कुटुंबं त्या रात्री शाळेच्या व्हरांड्यात झोपली, आतल्या खोल्या कोरड्या असताना. गुरुजींचा यात काही दोष नाही, सुट्टी आहे, सामान त्यांच्या जबाबदारीवर आहे. पण एक जादा चावी पोलीस पाटलांकडे किंवा शाळा व्यवस्थापन समितीतल्या, शाळेशेजारी राहणाऱ्या पालकाकडे ठेवायला काय हरकत आहे? तेवढं एक कलम ठरावात जोडा.

आता पंचनाम्याबद्दल. पंचनामा हवाच, आणि वेळेत हवा. तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहाय्यक यांच्यावर त्या आठवड्यात किती गावांचा भार असतो ते मी पाहिलं आहे. पण पंचनामा काय मोजतो तेही बघा. शेतपिकाचं नुकसान ३३ टक्क्यांवर गेलं तर ते मदतीत बसतं. पक्क्या घराची पडझड निदान १५ टक्के हवी. घर अधिकृत बांधकामात मोडलं पाहिजे असंही निकषात आहे. मृत्यू झाला तर वारसाला ४ लाख. हे सगळं सातबारा, घराचा नमुना ८, आधार आणि बँकेचं पासबुक यांच्या आधारानं चालतं. ज्याच्याकडे यातलं काहीच नाही तो माणूस कोणत्याच तक्त्यात येत नाही. भिंत उभी आहे पण आतली बाई उपाशी आहे, हे भरायला पंचनाम्यात रकाना नाही. तो रकाना सरकारनं नाही, आपणच भरायचा आहे.

कागदावर नसलेली ही माणसं कोण, ते तुमच्या गावात तुम्हालाच ठाऊक आहे. गावाबाहेरचा पारधी बेडा, विटभट्टीवरचे मजूर, मेंढ्या घेऊन आलेले आणि वावरात उतरलेले काठेवाडी, वावरातच झोपडी करून राहणारा सालदार आणि त्याची बायको-लेकरं, यवतमाळकडे कोलामांचे पोड, तांडे, गोंदिया-गडचिरोलीकडचे टोले. आमच्या गावाच्या कडेला त्या दिवसांत काही पालं पडलेली होती. त्या रात्री आमची पोरं तिकडे टॉर्च घेऊन गेली, कारण त्यांच्यातल्या एकाची पालावरच्या एका मुलाशी क्रिकेटची मैत्री होती. पालं तर जागेवर नव्हतीच. माणसं पुलाखाली जाऊन बसली होती आणि नाल्याला पाणी वाढत होतं. पोरांनी त्यांना वर आणलं. मैत्री होती म्हणून हे झालं. मैत्री नसती तर? त्या दहा-पंधरा जिवांची आठवण कोणाच्या वाटणीला येत होती? माझी ग्रामसभांना हात जोडून विनंती आहे, की गावाच्या नकाशात ज्यांचं घर नाही, त्यांचं नाव यादीत सगळ्यात वर लिहा.

मला ठाऊक आहे, कोणीतरी उठून म्हणेल, “अहो ताई, हे तर आपण करतोच. संकटात गाव एक होतं. त्याला ठराव कायले?” होतं, खरं आहे, आणि आम्ही ते पाहिलंही. कोणाचं टिन कोणाच्या वावरात सापडलं तर लोकांनी ते ओढत आणून ज्याचं त्याला दिलं. ज्यांची चूल शाबूत होती त्यांनी चार-चार घरांच्या भाकरी थापल्या. पण मनावर सोडलेली विचारपूस आपल्या माणसांपाशी थांबते. प्रत्येक मोहल्ला आपापल्या मोहल्ल्याला विचारतो, हे आपल्याला माहीत आहे आणि आपण ते बोलत नाही. शिवाय गाव पूर्वीसारखं भरलेलं राहिलेलं नाही. तरणी पोरं नागपूर-पुण्याला, मागं उरलेत आईबाप. ज्या गल्लीत पूर्वी वीस धडधाकट माणसं रात्री घरात असायची तिथं आज चार-पाच असतात. चौघांना वीस घरं सांभाळायची तर कोणी कोणतं घर पाहायचं ते आधी ठरलेलंच असावं लागतं. नाहीतर पाटलाच्या घरी सगळे जातात आणि खालच्या गल्लीत कोणीच जात नाही.

यादी कशी करावी याबद्दल आमच्या अनुभवातून चार गोष्टी सांगते. नियमित ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायची, हे ग्रामपंचायत कायद्यातच आहे. बऱ्याच ठिकाणी ती रजिस्टरवरच होते. ती खरोखर घ्या आणि यादी तिथं करा, कारण कोणत्या घरात कोण झोपतं हे बायांनाच नीट ठाऊक असतं. एकट्या माणसाच्या प्रत्येक घरामागे दोन घरं लावा, त्यातलं एक तरी वेगळ्या मोहल्ल्यातलं. एक घर लग्नाला गेलं तर दुसरं असतं. यादी मात्र ग्रामपंचायतीच्या भिंतीवर चिकटवू नका. गावात एकट्या बाया कोणत्या, हे येणाऱ्या-जाणाऱ्यानं वाचावं असं ते नाही. पोलीस पाटील, आशाताई आणि ग्रामसंघाची अध्यक्ष, यांच्याकडे एकेक प्रत पुरे. आणि सगळा भार आशाताईवर टाकू नका. माहिती तिच्याकडे सगळी असते म्हणून कामही तिचंच, असं आपण धरून चालतो. तिला पगार नाही, मोबदला मिळतो, आणि त्या रात्री तिच्याही घराचं टिन उडालेलं असतं.

वारा थांबल्यावर पहिला प्रश्न एकच असावा, वावरात कोण होतं? घरातल्या माणसाला निदान शेजार असतो. वीज पडते ती बहुतेक वावरातल्या माणसावर, नाहीतर झाडाखाली थांबलेल्या मजुरावर. कामाला गेलेल्या बाया, ढोरं चारायला गेलेली पोरं, संत्र्याच्या बगीच्यातले राखणदार, हे सगळे परत आले का ते आधी पाहा. वाटेत तार पडलेली असली तर तिला कोणी हात लावायचा नाही, काठीनंही नाही. माणूस लांब उभा करून रस्ता अडवायचा आणि १९१२ ला फोन करायचा. फोन लागत नसेल तर वायरमनच्या घरी माणूस पाठवायचा. आमच्याकडे एक काका पहाटेपर्यंत त्या तारेजवळ खुर्ची टाकून बसले होते. कोणी पंचनामा केला नाही त्यांच्या त्या रात्रीचा, पण त्यांनी किती जीव राखले ते कोणाला मोजता येईल?

वीज गेली की देवळाचा, विहाराचा, मशिदीचा भोंगाही मुका होतो. तेव्हा डफडं वाजवून दवंडी देणारा माणूस नेमून ठेवा. टिनांवर गोटे ठेवायची आपली रीत आहे, ती सोडा. वाऱ्यात टिन उठलं की तो गोटा आधी घरातल्याच माणसाच्या डोक्यात पडतो. हुकाचे बोल्ट किंवा जाड तार ओवून टिनं वाशाला आवळून घ्या. खर्च येतो, पण एप्रिलच्या आधी गटातून लहान कर्ज काढून आमच्या काही बायांनी हे काम करून घेतलं होतं. त्यांची टिनं राहिली.

याला अधिकार कुठला, असं ग्रामसेवक विचारतील. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ चा आहे. जिल्हाधिकारी जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष असतात हे सगळ्यांना माहीत आहे, पण त्याच कायद्याच्या कलम ४१ मध्ये स्थानिक संस्थांनाही कामं नेमून दिली आहेत, आणि ग्रामपंचायत त्यात येते. टॉर्च, दोर, ताडपत्र्या, झाड कापायची मशीन, एक लहान जनरेटर, एवढं सामान गावाच्या विकास आराखड्यात बसवता येतं. ‘आपदा मित्र’ योजनेत स्वयंसेवकांना प्रशिक्षण दिलं जातं. तुमच्या गावातून एक मुलगा आणि एक मुलगी त्यासाठी जावी म्हणून तहसीलला पत्र द्या. जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाचा नंबर १०७७ आहे, तो प्रत्येक घराच्या दारामागे खडूनं लिहा.

अजून एका फेरीचं बोलायचं राहिलं, आणि माझ्या मते ती सगळ्यात अवघड आहे. वादळाला आठ-पंधरा दिवस झाले, पाहुणे येऊन गेले, फोटो काढून झाले, की घरातला कर्ता माणूस गप्प होतो. कापूस भिजलेला, बहार गळलेला, पेरणी महिन्यावर आलेली, मदत कधी मिळेल त्याचा पत्ता नाही. तो पारावर येत नाही, चहाला नाही म्हणतो, वावरात जाऊन नुसता धुऱ्यावर बसतो. आपल्या विदर्भाला हे गप्प होणं काय असतं ते फार जवळून माहीत आहे. आमच्याकडे अशा घरांसाठी पुरुषांनीच आपसात ठरवलं. रोज संध्याकाळी कोणीतरी एक जण जायचा, उपदेश करायचा नाही, कर्जाचं विचारायचं नाही, टिनं ठोकायला हात लावायचा, जेवण झालं का विचारायचं. एका दादाला त्याच्या घरच्यांनी आणि आम्ही मिळून बोलतं केलं आणि सरकारच्या टेलिमानस सेवेला १४४१६ वर फोन लावून दिला. तिथं मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. हा नंबरही दारामागे लिहा. आणि ही फेरी पेरणी होईपर्यंत थांबवू नका.

महाराष्ट्र दिनाची ग्रामसभा १ मे ला असते, अवकाळी वादळांच्या ऐन दिवसांत. तोवर वाट पाहायची गरज नाही. २६ जानेवारीच्या सभेत विषय पत्रिकेवर घ्या, म्हणजे मे उजाडायच्या आत यादी लिहून, एकदा फिरून, चुका दुरुस्त करून होईल. आमच्या गावचा ठराव झाला आहे, यादीत दर काही महिन्यांनी बदल करावा लागतो, कारण माणसं येतात, जातात, वारतात. आमच्या यादीत अजून एक अडचण सुटलेली नाही. ढोरं सोडून न निघणाऱ्या म्हाताऱ्यांचं काय करायचं, यावर सभेत दोनदा बोलणं झालं आणि एकमत झालं नाही. कोणत्या गावानं याचा मार्ग काढला असेल तर जरूर कळवा. भामरागडच्या बाजूला पर्लकोटेला पूर आला की गावंच्या गावं तुटतात. तिथल्या लोकांनी हे वर्षानुवर्षं निभावलं आहे, त्यांच्याकडून ऐकायची मला फार इच्छा आहे.

आपली,
ग्रामसंघाची एक सदस्य,
आर्वी तालुका, जिल्हा वर्धा